तट्टू पाळावे कसे? (सेमाडोह परिसरातील नवशिक्यांसाठी)

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे

मेळघाटातल्या सेमाडोहच्या पर्यटन संकुलात दोन रात्री राहून, सकाळी सिपना नदीच्या काठी चहा घेताना ज्यांना 'आता इथेच राहावे आणि एक घोडा पाळावा' असे वाटले, त्यांच्यासाठी. इथे राहायला जागा कशी मिळते हा महसूल आणि वन या दोन खात्यांचा प्रश्न आहे. त्यांचे आपसात एकमत झाले की तुम्हाला कळवण्यात येईल. तोवर घोड्याचे पाहू.

इथे घोडा म्हणजे वरातीत नाचणारा उंचापुरा पांढरा घोडा अभिप्रेत नाही. तो परतवाड्याहून निघून घटांगच्या चढालाच मालकाकडे अशा नजरेने पाहील की मालकच उतरून चालू लागेल. मेळघाटात विचार करायचा तो तट्टाचा. बुटके, भरल्या पोटाचे, जाड मानेचे, दिसायला साधे आणि अंगाने काटक. विकणारा काटकपणाची हमी पहिल्याच वाक्यात देतो. ती ऐकून नवशिका समजतो की या जनावराला काही लागत नाही. पुढची सर्व प्रकरणे या एका समजुतीच्या दुरुस्तीसाठी लिहिली आहेत.

१. जात ओळखणे

भारतात घोड्यांच्या नोंदणीकृत जाती आठ आहेत: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, झांस्करी, स्पिती, भुतिया, मणिपुरी आणि भीमथडी. शेवटची आपली. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. दख्खनच्या ज्या घोड्यांच्या बळावर मराठ्यांच्या असल्या दौडी झाल्या, त्यांच्या वंशाची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत जात म्हणून नोंद व्हायला आणखी अडीचशेहून अधिक वर्षे लागली. अर्ज आणि मंजुरी यांच्यामधल्या काळात जनावराने जिवंत राहायचे असते. भीमथडी राहिली, हा तिच्या काटकपणाचा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर भागातल्या मेंढपाळ धनगरांच्या वाटेवर दिसतो. तट्टाच्या पाठीवर सबंध संसार असतो: पाल, भांडी, धान्य, त्यावर नुकते जन्मलेले कोकरू, कोकराशेजारी पाय बांधलेली कोंबडी. तट्टू हे सगळे घेऊन मेंढरांच्या मागेपुढे चालत राहते आणि वाटेत मिळेल ते खाते.

ओळखीच्या खुणा: उंची साधारण ५० ते ५२ इंच. खूर लहान आणि टणक. पाठ आखूड. रंग कुमैत, मुश्की, सब्जा, अबलख, कोणताही. चेहऱ्यावर भाव एकच: 'तुमचे झाले का बोलून?'

मेळघाटात जिवंत घोडे पाहायचे तर चिखलदऱ्याला जावे. तिथे पर्यटकांना फिरवणारी घोडी आहेत. कोरकू वस्त्यांमध्ये मात्र घोडा वेगळ्या जागी भेटतो. मृतांच्या स्मरणार्थ कोरलेल्या सागाच्या फळ्यांवर सूर्य असतो, चंद्र असतो आणि घोड्यावर बसलेला माणूस असतो. या घोड्यांना चारा लागत नाही, नाल लागत नाही, त्यांना पोटशूळ होत नाही. शहाण्या वाचकाने घोडा पाळण्याचा बेत इथेच थांबवावा. इतरांनी पुढे वाचावे.

२. खरेदी

घोडे घ्यायला महाराष्ट्रात दोन मोठे बाजार. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा, दत्तजयंतीला. आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातले माळेगाव, मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला. सारंगखेड्याला लाखांच्या गोष्टी चालतात. तिथे 'एक तट्टू दाखवा' म्हटले की व्यापारी तुम्हाला चहा पाजतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. माळेगावला घोड्यांच्या जोडीला गाढवे आणि उंटही असतात, त्यामुळे तिथे तट्टाची विचारणा केल्याने कोणाची मान खाली जात नाही.

वय दातांवरून पाहतात. पाच वर्षांच्या सुमारास पुढचे सगळे दात पक्के येतात. त्यानंतर ते झिजतात आणि वय वाढेल तसे पुढे कलतात. विकणाऱ्याच्या मते प्रत्येक घोडा साडेपाच वर्षांचा असतो. वीस वर्षांचाही.

मग भोवऱ्यांचे शास्त्र येते. गळ्याशी देवमण नावाचा भोवरा असेल तर मालकाचे भाग्य उजळते, अमुक जागी भोवरा असेल तर घर बसते, असे सांगणारा एक जाणकार दर बाजारात तुमची वाट पाहत उभा असतो. त्याचे नम्रपणे ऐकावे आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत घोड्याचे चारही पाय उचलून पाहावेत. पाय उचलू देत नसेल तर ते जनावर भाग्यवान असले तरी तुमचे नव्हे. नंतर कडक जमिनीवर दुडकी चालीने पळवून घ्यावे. पाऊल टेकताना मान वर झटकत असेल तर त्या बाजूचा पुढचा पाय दुखरा आहे.

सर्वांत महत्त्वाचा कागद ग्लँडर्सच्या तपासणीचा. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही आणि कायद्याने बाधित जनावर मारावे लागते. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. 'कागद नंतर पाठवतो' असे कोणी म्हणाले तर पैसेही नंतर पाठवावेत.

घरी आणताना टेंपोत पुढे-मागे आडवे बांबू लावावेत, खाली कडब्याचा थर द्यावा आणि चालकाला घाई करू देऊ नये. घोड्याला उलटी करता येत नाही. घटांगच्या वळणांवर ती सोय फक्त तुम्हाला आहे.

३. शेजाऱ्यांची परवानगी

सेमाडोहला म्हशी सांभाळणारे गवळी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या जनावरांत राहिलेली ही माणसे. त्यांच्यापुढे तट्टू उतरवले की पुढील संवाद होतो. उत्तरे पाठ करून ठेवावीत.

"भाऊ, हे दूध देते?"

"नाही."

"नांगराले चालते?"

"नाही."

"शेन?"

"लीद."

"मंग ठेवता कायले?"

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या मार्गदर्शिकेत नाही. लेखकाने पुष्कळ शोधले. 'आवड' असे म्हणून पाहावे. समोरचा मान हलवतो आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगतो. त्यानंतर मात्र अडचणीच्या वेळी सर्वांत आधी तोच येतो, हेही नोंदवून ठेवावे.

४. निवारा

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ सालचा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी. म्हणजे तुम्ही घोड्यासाठी जागा शोधायच्या आधीपासून ही जागा वाघासाठी राखलेली आहे. वाघाखेरीज बिबटे आहेत, अस्वले आहेत आणि टोळीने शिकार करणारी रानकुत्री आहेत. त्यांच्यापैकी कोणीही भीमथडीच्या नोंदणीचा आदर करत नाही.

घोड्याच्या शरीराची सगळी रचना पळण्यासाठी आहे. पायांच्या सांध्यांत अडसर असल्यामुळे तो उभ्या उभ्या डुलकी काढतो, म्हणजे संकट आले तर उठण्यात वेळ जाऊ नये. अशा जनावराची पिछाडी बांधून त्याला रात्री अंगणात ठेवणे म्हणजे व्याघ्रप्रकल्पाला दिलेली वैयक्तिक देणगी होय. पावती मिळत नाही. भरपाईच्या अर्जात घोडा कोणत्या रकान्यात लिहायचा, हे वनखात्याच्या कचेरीत आधीच विचारून यावे. नंतर विचारताना आवाज कापतो.

म्हणून कोठा हवा. भिंती मजबूत, दार सागाचे आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही कड्या शाबूत. छप्पर असे की बिबट्याला कौल सरकवून आत येता येऊ नये. जमीन थोडी उताराची, मुताचा निचरा होणारी. खाली कोरडा पेंढा. उभ्याने झोपणाऱ्याला पेंढा कशाला, असे नवशिका विचारतो. गाढ झोप घोड्याला आडवे पडल्यावरच लागते. ती रोज थोडी तरी लागते आणि ओल्या जमिनीवर तो आडवा पडत नाही. चार महिने पाऊस कोसळत असताना कोरडी जागा टिकवणे, हेच निवाऱ्याचे खरे काम. वाघ एखाद्या रात्री येतो. ओल रोज येते.

५. चारा, किंवा घोडे पेंड कुठे खाते

म्हणीतले घोडे पेंड खाते. मेळघाटातल्या तट्टाला सरकीची ढेप लागत नाही. ती म्हशीपुढे ठेवावी आणि गवळ्याशी संबंध सुधारावेत.

घोड्याचे जठर त्याच्या अंगाच्या मानाने फार लहान असते. मोकळा असताना तो दिवसाचे सोळा तासही चरतो. थोडे थोडे, सतत. तुम्ही त्याला सकाळ-संध्याकाळ दोन जंगी जेवणे घातलीत तर त्याच्या पोटाच्या दृष्टीने ती दोन लग्ने झाली, आणि रोज लग्नाचे जेवण कोणालाच पचत नाही.

हिशेब असा. वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडा चारा. २५० किलोच्या तट्टाला दिवसाला ५ किलो, तीन-चार वेळा विभागून. ज्वारीचा कडबा कुट्टी करून, वाळलेले गवत, हरभऱ्याचे नाही तर तुरीचे कुटार. काम असेल त्या दिवशी तोबऱ्यात भिजवलेला हरभरा, मूठ-दोन मूठ. काम नसेल त्या दिवशी ही चंदी बंद. मिठाचा खडा कायम पुढे असावा.

देऊ नये ते: बुरसटलेले कुटार, कोवळी हिरवी ज्वारी, पर्यटकांनी प्रेमाने दिलेली बिस्किटे आणि चिप्स. कुंपणाच्या कडेला माजलेली घाणेरी जनावराला विषारी असते. ती उपटावी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उपटावी.

आता सर्वांत मोठा धोका. तो दुष्काळातला नसून पहिल्या पावसानंतरचा आहे. उन्हाळाभर काड्या चघळलेल्या तट्टाला जूनअखेर हिरवेगार गवत दिसले की ते त्यात तोंड घालते ते वर काढत नाही. अशा अचानक मेजवानीने खुरांच्या आत दाह होतो आणि जनावर पुढच्या पायांवर वजन टाकेनासे होते. कमी अन्नावर जगायला शिकलेले शरीर जास्त अन्नाने लंगडते. पहिले दोन आठवडे हिरवा चारा मापून द्यावा.

धनगराचे तट्टू काटक असते ते चालल्यामुळे. रोज मैलोगणती वाट, दर दहा पावलांवर वेगळा पाला, वेगळे गवत. तेच तट्टू रिसॉर्टच्या फाटकाशी शोभेला बांधून ठेवले तर सहा महिन्यांत त्याला पोट सुटते, खूर वाढतात आणि स्वभाव बिघडतो. त्याला उपाशी ठेवून काटक करण्याचा प्रयोग काही मालक करतात. त्याने जनावर फक्त बारीक होते.

६. पाणी

दिवसाला २० ते ३० लिटर, मेमध्ये त्याहून जास्त. पावसाळ्यात सिपना दारापर्यंत येईल अशी भीती वाटते. उन्हाळ्यात तीच नदी डोहाडोहांत तुटते आणि त्या डोहांवर संध्याकाळी कोण कोण येते, हे पाहण्यासाठी लोक पैसे देऊन येतात. तट्टाला त्या वेळी तिथे नेऊ नये. पाणी बादलीने, घरी, सकाळीच.

७. खूर आणि खरारा

खूर नखासारखे वाढतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात. नालबंद आसपास सहज मिळत नाही, म्हणून चिखलदऱ्याच्या घोडेवाल्यांशी आधीच ओळख वाढवावी आणि चहा पाजावा. मऊ वाटेवर तट्टाला नाल नसली तरी चालते. डांबरी रस्त्यावर आणि काळ्या फत्तरावर रोजचे काम असेल तर ठोकावी. रोज रात्री खुरांतला चिखल, खडे काढावेत. पावसात तळव्याला कुजका वास आला तर सडायला सुरुवात झाली आहे.

खरारा रोज करावा, केसांच्या चकाकीपेक्षा तपासणीसाठी. हात फिरवताना गोचीड सापडते, तंगाखालची जखम सापडते. घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो. गंजका खिळा पाहिला की आठवण व्हावी इतकी लस वेळेवर द्यावी.

८. दुखणी

निरोगी तट्टाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४५, श्वास ८ ते १६, ताप मोजला तर ३८ अंश सेल्सियसच्या आसपास. हे आकडे कोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावेत.

पोटशूळ झाला की घोडा मागे वळून पोटाकडे पाहतो, पायाने जमीन उकरतो, खाली बसतो, उठतो, लोळतो. नवशिका म्हणतो, 'खेळतोय!' आणि व्हिडिओ काढतो. व्हिडिओ पाठवण्यासाठी रेंज शोधत तो टेकडीवर जातो. तिथे पोहोचल्यावर तोच व्हिडिओ पशुवैद्यकांना पाठवावा, म्हणजे निदान एक काम योग्य होईल. पोटात अडकलेले वर येऊ शकत नाही, म्हणून या दुखण्यात वेळ दवडता येत नाही.

सर्रा हा पावसाळ्यातला रोग. गोमाश्या चावून रक्तात परजीवी सोडतात. ताप येतो-जातो, पायांना आणि पोटाखाली सूज चढते, खाऊनही जनावर झडत जाते. कोठ्यात संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करावा. तपासणीसाठी रक्त द्यावे.

एक गोष्ट सर्व दुखण्यांना लागू आहे. ज्याची शिकार होते तो प्राणी दुखणे लपवतो. कळपात लंगडणारा आधी मारला जातो, म्हणून तट्टू शेवटपर्यंत नीट उभे राहते. मालक म्हणतो, 'काही झालेले नव्हते हो, काल संध्याकाळपर्यंत चालत होते.' काटकपणाचे प्रमाणपत्र बहुधा असा माणूस देतो ज्याला खर्च करायचा नसतो. मेळघाटात ते माणसांनाही मिळते. १९९० च्या दशकापासून इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतात, पथके येतात, आणि गाडीत बसताना कोणीतरी म्हणतोच की इथले लोक मुळात फार काटक. भर पावसात नाला ओलांडून वस्तीवर जाणारी आशाताई काटक, डोक्यावर पाणी आणणारी गर्भार बाई काटक. एकदा काटक ठरवले की रस्ता पुढच्या वर्षी केला तरी चालतो. नवशिक्याने निदान आपल्या तट्टाच्या बाबतीत तरी ही सरकारी पद्धत वापरू नये.

९. स्वारी आणि ओझे

डाव्या बाजूने चढावे. तंग आवळल्यावर दोन मिनिटे थांबून पुन्हा आवळावा. खोगीर चढवताना तट्टू पोट फुगवून ठेवते आणि तुम्ही बसल्यावर श्वास सोडते. मग खोगीर आणि तुम्ही एकाच दिशेने फिरता. मागून जाताना आवाज द्यावा.

पाठीवर एकूण वजन जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावे. २५० किलोच्या तट्टावर, खोगिरासह, ५० किलो. वाचकाने आता स्वतःचे वजन आठवावे. ज्यांनी मनात काही किलो कमी केले त्यांनी तट्टाला तसे कळवून पाहावे.

व्याघ्रप्रकल्पाच्या आत घोड्यावरून वाघ पाहायला जाण्याचा विचार करू नये. परवानगीचा प्रश्न तर आहेच. शिवाय अशा वेळी वाघ तुमच्याकडे पाहत नसतो.

१०. मोकळे सोडणे

काही दिवसांनी नवशिक्याला पश्चात्ताप होतो आणि पश्चात्तापाला तो निसर्गप्रेम म्हणतो: 'त्याला जंगलात मोकळे सोडावे, जगेल आपला आपण.' आसामच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात तसे रानटी झालेले घोडे आहेत, हे त्याने वाचलेले असते. ते घोडे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांचे वंशज मानले जातात. युद्ध संपले, फौजा गेल्या, घोडे राहिले. जे आज दिसतात ते तगलेल्यांचे वंशज. जे तगले नाहीत त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. रानटी घोड्याच्या प्रत्येक कळपामागे त्याला सोडून गेलेला कोणीतरी असतो.

मेळघाटात सोडल्यास: गुगामल राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला कायद्याने बंदी आहे. अभयारण्यालगतच्या पाळीव जनावरांचे लसीकरण व्हावे, अशी वन्यजीव कायद्यात तरतूद आहे, कारण त्यांचे रोग गव्याला आणि सांबराला लागतात. शिवाय पाळीव जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यातूनही सोडलेच, तर तट्टू संध्याकाळी परत येते आणि कोठ्याच्या दारात उभे राहते. त्याला कायदा ठाऊक नसला तरी वाघ ठाऊक असतो.

११. नेहमीचे प्रश्न

*तट्टू किती वर्षे जगते?* नीट सांभाळले तर पंचवीस ते तीस. तुमचे कर्ज आणि तुमचा उत्साह दोन्ही त्याआधी संपतील. त्याची तरतूद करावी.

*घोडी गाभण आहे हे कसे कळते?* पशुवैद्यकांकडून. गर्भकाळ सुमारे अकरा महिने. शिंगरू बहुधा रात्री जन्मते, तुम्ही चहा घ्यायला गेल्यावर.

*ते मला ओळखेल का?* चारा देणाऱ्याला ओळखेल. तो तुम्हीच आहात याची खात्री करावी.

१२. शेवटची चाचणी

पुढील वाक्ये मोठ्याने म्हणावीत. मी रोज पहाटे उठेन. मी पावसात कोरडा पेंढा आणीन. काम नसले तरी मी त्याला रोज चालवीन, आणि काम असले तरी त्याच्या पायांकडे पाहीन. त्याने तक्रार केली नाही म्हणून मी खर्च वाचवणार नाही.

सगळी वाक्ये न अडखळता म्हणता आली तर माळेगावच्या यात्रेची तारीख पाहा. एकाही ठिकाणी जीभ अडली तर चिखलदऱ्याला जा, तासाभरासाठी घोडे भाड्याने घ्या आणि घोडेवाल्याने सांगितलेल्या भाड्यात घासाघीस करू नका. त्याच्या घोड्याचा काटकपणा त्याच पैशांतून येतो.